समुद्राची मासळी तळ्यात किती दिवस घालावयाची?

तळ्यातील मासा काय खातो, हा प्रश्न आपल्या मत्स्यशेतकऱ्यांस पूर्वी फारसा पडत नसे. भंडारा, गोंदिया व चंद्रपूर ह्या जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांत पावसाळ्यात मत्स्यबीज सोडावयाचे आणि उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे जाळे टाकावयाचे, असा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता. मधल्या काळात मासा जे काही खाई, ते तलावच त्यास पुरवीत असे. उत्पन्न बेताचे होते. परंतु खाद्याचा खर्चही नव्हता.

पुढे ही स्थिती पालटली. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यायोगे कटला, रोहू व मृगळ ह्यांच्या बीजासाठी केवळ नदीच्या पुरावर विसंबण्याचे कारण उरले नाही. बीज मुबलक झाले, तशी तळ्यात माशांची दाटी वाढली. आणि दाटी वाढली म्हणजे तळ्याचे अन्न अपुरे पडते हे उघडच आहे. आता तर आपल्या राज्यात २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेखाली झालेली शेततळी आहेत, धरणांच्या जलाशयांत पिंजरे आहेत, पंगस व तिलापिया यांसारखे माशांचे नवे प्रकार आहेत. ह्या सर्वांत एकूण खर्चाच्या निम्म्याहून अधिक रक्कम खाद्यावर जाते. आणि खाद्यातील सर्वांत महाग घटक म्हणजे प्रथिने.

ही प्रथिने कोठून आणावयाची, ह्याविषयी आमचे मत ह्या लेखात स्पष्टपणे मांडावयाचे आहे. ते थोडक्यात असे: आपल्या तळ्यांतील रोहू, कटला, मृगळ व तिलापिया यांच्या वाढीसाठी समुद्रातील मासळीच्या भुकटीची, जिला बाजारात फिशमील म्हणतात तिची, गरज नाही. पोत्यावर ‘फिशमीलयुक्त’ असे छापलेले पाहून जो शेतकरी चार रुपये अधिक मोजतो, तो पुष्कळदा आपल्या माशाच्या गरजेसाठी नव्हे, तर एका समजुतीसाठी पैसे मोजत असतो.

समुद्राकडील हिशेब

एक किलो भुकटी तयार करण्यास सुमारे चार ते पाच किलो ओली मासळी लागते. ही मासळी म्हणजे मुख्यतः तारलीसारखे लहान मासे, जाळ्यात येणारी मोठ्या माशांची पिल्ले आणि बाजारात भाव न मिळणारी इतर मासळी होय. तारलीचा भरवसा किती धरावा, हे केरळच्या किनाऱ्यावरून दिसून येते. २०१२ साली तेथे सुमारे चार लाख टन तारली सापडली. २०२१ साली हेच प्रमाण साडेतीन हजार टनांच्याही खाली गेले. त्यानंतर तारली पुन्हा वाढली हे खरे. समुद्राच्या तापमानातील फेरफार, माशांच्या अन्नाची उपलब्धता आणि बेसुमार मासेमारी अशी ह्या चढउतारांची अनेक कारणे असतात. केवळ भुकटीच्या कारखान्यांवर दोष ठेवणे न्यायाचे होणार नाही. परंतु जो कच्चा माल दहा वर्षांत शंभरातील एक भागाहूनही कमी होऊ शकतो, त्यावर विदर्भ-मराठवाड्यातील तळ्यांचे अर्थकारण उभारणे शहाणपणाचे नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

ह्या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. आपल्याकडील आठवडी बाजारांत सुकट, जवळा व लहान सुकी मासळी विकावयास येते. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या मजुराच्या घरी भाकरीबरोबर जे थोडेबहुत मांसान्न जाते, त्यात ह्या सुक्या मासळीचा वाटा मोठा आहे. हीच लहान मासळी भुकटीच्या कारखान्यात गेली म्हणजे गरिबाच्या ताटातील स्वस्त प्रथिने कमी होऊन ती महाग मासळीच्या रूपाने शहरातील ताटात जातात. मत्स्यशेतीने देशातील अन्न वाढावे अशी आपली अपेक्षा आहे. एकाच्या ताटातले काढून दुसऱ्याच्या ताटात घालणे ही वाढ नव्हे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले आहे. समुद्रात पिल्ले वाचवावयाची आणि तळ्यावर पिल्लांच्या भुकटीला मागणी वाढवावयाची, ह्या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

माशास हवे ते काय?

फिशमीलची कीर्ती निराधार आहे असे नाही. तीत साठ टक्के वा त्याहून अधिक प्रथिने असतात, ती सहज पचतात, आणि शरीरास लागणारी अमिनो आम्ले तीत योग्य प्रमाणात असतात. परंतु माशास भुकटी लागत नाही. त्यास अमिनो आम्ले लागतात. ती कोणत्या पदार्थातून आली, ह्याची विचारपूस मासा करीत नाही.

ह्या बाबतीत आपल्या स्वयंपाकघरातील वरण-भाताचा दाखला पुरेसा आहे. तांदळात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळीत मेथिओनीन कमी असते. दोन्ही एकत्र केली म्हणजे एकाची उणीव दुसरे भरून काढते. पेंडींचेही तसेच आहे. सोयापेंडीत लायसीन भरपूर, पण मेथिओनीन कमी. तिळाच्या पेंडीत मेथिओनीन चांगले, पण लायसीन कमी. शेंगदाण्याच्या पेंडीत दोन्ही जरा कमीच. सबब एकाच पेंडीवर भर देण्याऐवजी दोन-तीन पेंडींचे मिश्रण करणे, हा फिशमीलला सर्वांत सोपा व स्वस्त पर्याय आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, मासा हा मांसाहारी प्राणी आहे, त्यास पेंड कशी चालावी? नॉर्वे देशात सामन नावाचा जो मासा पाळतात, तो निसर्गतः पुरता मांसाहारी आहे. १९९० साली त्याच्या खाद्यात सुमारे नव्वद टक्के भाग समुद्रातील मासळीची भुकटी व तेल ह्यांचा होता. २०१३ साली तो सुमारे तीस टक्क्यांवर आला, आणि उरलेली जागा मुख्यतः वनस्पतिजन्य पदार्थांनी घेतली. मांसाहारी सामन जर इतक्या पेंडीवर वाढतो, तर आपला रोहू, जो मुळात शेवाळ, वनस्पती व सूक्ष्म जीव खाऊन जगतो, त्यास मासळीची भुकटी हवीच असे म्हणण्यास आधार उरत नाही. आंध्र प्रदेशातील मत्स्यशेतकरी भोके पाडलेल्या पिशव्यांत भाताचा कोंडा व पेंड भरून त्या तळ्यात टांगतात आणि ह्याच साध्या खाद्यावर रोहू-कटल्याचे मोठे उत्पन्न काढतात. आपणांस फार दूर जाण्याचेही कारण नाही.

पहिला पर्याय तळ्यातच आहे

प्रथिनांचा सर्वांत स्वस्त साठा पोत्यात नसून पाण्यात असतो, ही गोष्ट नव्या मत्स्यशेतकऱ्यांच्या ध्यानात पुष्कळदा येत नाही. मातीच्या तळ्यात योग्य प्रमाणात कुजलेले शेणखत व जरूर तेवढे रासायनिक खत घातले म्हणजे पाण्यात सूक्ष्म वनस्पती वाढतात. त्यांवर सूक्ष्म प्राणी वाढतात. आणि ह्या प्राण्यांच्या सुक्या वजनात निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. कटला हा तर मुख्यतः ह्यांवरच जगणारा मासा होय. ज्या तळ्यात असे नैसर्गिक अन्न चांगले आहे, तेथे वरून घालावयाच्या खाद्यात प्रथिने थोडी कमी असली तरी निभते.

ह्याची परीक्षा सोपी आहे. सकाळी ऊन वर आल्यावर हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवावा. पंजा दिसेनासा होत आला आणि पाण्यास हिरवट-तपकिरी छटा असली, तर अन्न पुरेसे आहे असे समजावे. पंजा स्पष्ट दिसत असेल तर खत कमी पडले आहे. मनगटापाशीच दिसेनासा झाला तर ते अधिक झाले आहे, आणि अशा वेळी खत तात्काळ थांबवावे, नाहीतर पहाटे प्राणवायू कमी पडून मासे गुदमरतात.

प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यांची व पिंजऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. अस्तरामुळे मातीचा संबंध तुटतो आणि तेथे नैसर्गिक अन्न फार थोडे तयार होते. पिंजऱ्यातील मासा तर सर्वस्वी दिलेल्या खाद्यावर अवलंबून असतो. अशा ठिकाणी खाद्य सर्व बाबतींत परिपूर्णच असावयास हवे. मातीच्या तळ्यात चालते तेच खाद्य अस्तराच्या तळ्यात चालेल, असे गृहीत धरू नये.

पेंडीचे मिश्रण

कार्प जातीच्या वाढत्या माशांस खाद्यात साधारणतः पंचवीस ते तीस टक्के प्रथिने पुरतात. शेंगदाण्याच्या पेंडीत सुमारे ४२, सोयापेंडीत सुमारे ४६ आणि भाताच्या कोंड्यात सुमारे १२ टक्के प्रथिने धरली, तर शेंगदाणा पेंड २५ किलो, सोयापेंड २५ किलो, भाताचा कोंडा ४८ किलो आणि खनिज व जीवनसत्त्वांचे मिश्रण २ किलो, अशा शंभर किलो खाद्यात जवळजवळ २८ टक्के प्रथिने येतात. ह्यात मासळीचा कणही नाही. तिळाची पेंड स्वस्त मिळत असेल तेथे शेंगदाण्याच्या पेंडीचा काही भाग तिने भरून काढावा. खनिज मिश्रण वगळून दोन रुपये वाचविण्याचा मोह मात्र टाळावा. कारण पेंडीतील स्फुरद बहुतांशी माशास पचत नाही, आणि त्याच्या अभावी हाडांची वाढ खुंटते.

पेंडीचे गुण सांगितले, तसे दोषही सांगितले पाहिजेत. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे द्रव्य असते. म्हणून घरचे सोयाबीन भरडून तसेच तळ्यात टाकू नये. कारखान्यात योग्य उष्णता देऊन काढलेली पेंडच वापरावी. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. ती बोटुकलीस देऊ नये आणि मोठ्या माशांच्या खाद्यातही थोड्याच प्रमाणात असावी. शेंगदाण्याची पेंड ओलसर जागी ठेवली तर तीवर बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. उन्हात वाळवून किंवा उकळून ते नाहीसे होत नाही. सबब बुरशी आलेली पेंड स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. कोकणातील दमट हवेत तर पावसाळ्यापुरतीच काय, महिन्याच्या गरजेपलीकडे पेंड भरून ठेवणेही धोक्याचे आहे.

कोष, कीटक व अझोला

आपल्या राज्यात तुतीचे व टसरचे रेशीम पिकते. कोषातून धागा काढल्यावर आत जो किडा, म्हणजे प्युपा, उरतो, तो उत्तम मत्स्यखाद्य आहे. एक किलो कच्चे रेशीम निघताना सुमारे दोन किलो सुके प्युपे मिळतात आणि त्यांत निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. वर सांगितलेल्या मिश्रणात दोन्ही पेंडी प्रत्येकी २० किलो करून १० किलो सुके प्युपे घातले, तर प्रथिनांचे प्रमाण सुमारे साडेअठ्ठावीस टक्के होते आणि त्यांचा दर्जाही सुधारतो. अडचण एवढीच की, प्युप्यांत तेल पुष्कळ असल्याने ते लवकर खवट होतात व त्यांस उग्र वास येतो. ते ताजे असतानाच वाळवावेत, शक्य तर तेल काढून घ्यावे, आणि थोडथोडेच आणावेत. रेशीम काढण्याचे केंद्र जवळ असेल त्यानेच ह्या वाटेस जावे. दुरून वाहतूक करून आणण्यात लाभ नाही.

काळी सैनिक माशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशीच्या अळ्यांविषयी सध्या पुष्कळ बोलले जाते. भाजीपाल्याच्या व अन्नाच्या टाकाऊ भागावर ह्या अळ्या झपाट्याने वाढतात आणि वाळविल्यावर त्यांत चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. युरोपीय संघाने २०१७ साली कीटकांची प्रथिने मत्स्यखाद्यात वापरण्यास परवानगी दिली. हा मार्ग आशादायक आहे ह्यात शंका नाही. तथापि अळ्यांस काय खाऊ घातले ह्यावर सर्व अवलंबून आहे. गटारातील घाण वा कुजके मांस ह्यांवर वाढविलेल्या अळ्या तळ्यात घालणे म्हणजे घाण फिरून आपल्याच ताटात आणणे होय. लहान शेतकऱ्याने प्रथम घरच्या भाजीपाल्याच्या टाकाऊ भागावर थोड्या प्रमाणात अनुभव घ्यावा, आणि मगच त्यात भांडवल घालावे.

अझोल्याची स्तुतीही मर्यादेत असावी. सुक्या अझोल्यात वीस ते पंचवीस टक्के प्रथिने असतात हे खरे, परंतु ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. दहा किलो ताजा अझोला म्हणजे एक किलोहूनही कमी कोरडे अन्न. गवत्या मासा तो आवडीने खातो. पूरक चारा म्हणून तो चांगला आहे, संपूर्ण खाद्य म्हणून नव्हे.

जो पर्याय नव्हेच

स्वस्त प्रथिनांच्या नावाखाली काही ठिकाणी कोंबड्यांची आतडी व मेलेली जनावरे तळ्यात टाकली जातात. ह्याचा संबंध बहुधा आफ्रिकन मांगूर माशाच्या चोरट्या पैदाशीशी असतो. ह्या माशाच्या पैदाशीवर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली आहे. तो आपल्या देशी माशांचा फडशा पाडतो आणि त्याची तळी आजूबाजूच्या विहिरींचे पाणी नासवितात. असल्या खाद्यास पर्यायी प्रथिने म्हणणे म्हणजे त्या शब्दाची विटंबना होय. एका गावात असे एक तळे निघाले तर शेजारच्या दहा प्रामाणिक मत्स्यशेतकऱ्यांच्या मालाकडेही गिऱ्हाईक संशयाने पाहू लागते.

आक्षेप आणि हिशेब

आमच्या मतावर दोन आक्षेप येतील, आणि ते दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला असा की, सोयापेंडीचा भाव तरी कोठे स्थिर आहे? आक्षेप खरा आहे. २०२१ साली पेंडीचे भाव इतके चढले की, केंद्र सरकारला बारा लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी द्यावी लागली. कोंबड्या, गुरे व मासे ह्या सर्वांची मागणी एकाच पेंडीवर आली म्हणजे असे होणारच. म्हणूनच आम्ही एका पदार्थाच्या जागी दुसरा एकच पदार्थ बसवा, असे म्हणत नाही. फिशमीलवरील अवलंबन सोडून सोयापेंडीवर तसेच अवलंबून राहणे ही सुधारणा नव्हे. ज्या भागात जी पेंड पिकते, तिचा आधार प्रथम घ्यावा, आणि निदान दोन पेंडी नेहमी हाताशी असाव्यात.

दुसरा आक्षेप कोळंबीचा. पालघर, रायगडच्या खाजण जमिनींत जे कोळंबी पाळतात, त्यांस आम्ही फिशमील पूर्णपणे सोडण्याचा सल्ला देत नाही. कोळंबीस अधिक व वेगळ्या दर्जाची प्रथिने लागतात, आणि तेथे भुकटीचे प्रमाण तज्ज्ञांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी केले पाहिजे. किंबहुना, थोडी भुकटी जेथे खरोखर हवी तेथेच ती राहावी, ह्यासाठी जेथे ती नको तेथे वापरू नये, हेच आमचे म्हणणे आहे.

शेवटी हिशेबाचा मुद्दा. खाद्य स्वस्त की महाग, हे पोत्याच्या किमतीवरून ठरत नाही. एक किलो मासा तयार होण्यास किती रुपयांचे खाद्य लागले, ह्यावरून ठरते. समजा, एक खाद्य ४० रुपये किलो आहे आणि एक किलो माशास ते दोन किलो लागते. म्हणजे खर्च ८० रुपये. दुसरे ५० रुपये किलो आहे, पण दीड किलोच पुरते. म्हणजे खर्च ७५ रुपये. येथे महाग पोतेच स्वस्त ठरले. हा हिशेब घरच्या मिश्रणासही लावावा आणि विकतच्या खाद्यासही. आमच्या सल्ल्यासही तो लावून पाहावा. मात्र त्यासाठी किती खाद्य घातले व किती मासा निघाला, ह्याची वहीत रोज नोंद हवी. आणि गरजेहून अधिक प्रथिने घालून लाभ नाही, हेही विसरू नये. माशास न लागलेली प्रथिने अमोनियाच्या रूपाने पाण्यात जातात. तो पैसाही जातो आणि पाणीही बिघडते.

मत्स्यशेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना आमची विनंती आहे की, खाद्य घेताना त्यांनी विक्रेत्याकडे केवळ प्रथिनांचा आकडा न मागता ती प्रथिने कोणत्या पदार्थांतून आली, हेही लेखी मागावे. एकट्या शेतकऱ्यास उत्तर मिळणार नाही. संस्थेने पन्नास पोत्यांची एकत्र मागणी केली तर मिळेल. पेंड व कोंडा एकत्र घेऊन संस्थेच्याच चक्कीवर मिश्रण करणे हेही पुष्कळ ठिकाणी शक्य आहे. येत्या हंगामात निदान एका तळ्यात मासळीविरहित मिश्रण घालून पाहावे, शेजारच्या तळ्यात नेहमीचे खाद्य चालू ठेवावे, आणि दोन्हींचा हिशेब जाळे ओढण्याच्या दिवशी मांडावा. आमचे म्हणणे खरे की खोटे, ते त्या दिवशी काट्यावर कळेल. ते खरे ठरले, तर तळ्यावरचा खर्च वाचेल आणि सुकटीची टोपली आठवडी बाजारात जिच्यासाठी येते तिच्याच घरी जाईल.